मेथीची फेक, विळ्याची फेक

माझी पहिली मुलगी पिंपळीला, माझ्या माहेरी जन्मली आणि बारसं व्हायच्या आत गेली. स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली असतील. मी विशीत होते. सासर इंदापूरचं. मालक तिथं कचेरीत कारकून होते. पहिलं बाळंतपण म्हणून रीतीप्रमाणं मी माहेरी आले होते.

तिची पाचवी पुजली, त्यानंतर ती दूध ओढेनाशी झाली. तोंड उघडेना, अंग ताठ व्हायला लागलं. माझे धाकटे चुलते, त्यांना आम्ही तात्या म्हणायचो, त्यांनी सकाळीच गाडी जुंपली. बारामतीचा दवाखाना काही फार लांब नाही. गाडीत आई, मी आणि माझ्या मांडीवर ती. थंडीचे दिवस होते. ऊन पाठीवर येत होतं आणि बैलांच्या नाकातून वाफ निघत होती. कालव्याचा पूल ओलांडला तेव्हा मला कळलं. आई पुढं रस्त्याकडं बघत होती. तात्यांनी एकदा मागं वळून माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि कासरा ओढून बैल फिरवले.

"का वो, का फिरीवली गाडी?" आई म्हणाली.

मग आईनं माझ्या मांडीकडं बघितलं.

घरी आल्यावर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला माझ्याकडून घेतलं. ते आणि तात्या मळ्याकडं गेले. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात, आणि बायका तिथं जात नाहीत. कुठं पुरलं ते मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मालक इंदापुरावरनं आले. त्यांनी मुलीला बघितलंच नव्हतं, बारशाला यायचं ठरलं होतं. उंबऱ्याशी थोडा वेळ उभे राहिले, "सावकाश ये, घाई न्हाय," म्हणाले आणि दुपारच्या मोटारीनं परत गेले. रजा मिळाली नसावी. का कोण जाणे, मला त्याचं काही वाटलं नाही.

मला कशाचंच काही वाटत नव्हतं. आईनं छातीला फडकं घट्ट बांधलं होतं, दूध आटावं म्हणून. ते दुखायचं, पण ते दुखणं शेजारच्या घरातल्या माणसाचं असावं तसं लांबून कळायचं. बायका येऊन बसायच्या. "सटवाईनं एवढंच लिवलं व्हतं, पोरी," असं म्हणून डोळ्याला पदर लावायच्या. मी त्यांच्या पायातल्या जोडव्यांकडं बघत बसायचे. आई ताट वाढायची, मी जेवायचे. काय जेवले ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. विहिरीवरचं इंजिन सुरू झालं की त्याचा ठोका ऐकायचा आणि ते बंद पडलं की काहीच ऐकायचं नाही, एवढाच माझा दिवस.

आमच्या मळ्यात वांगी, मेथी, कोथिंबीर असायची आणि एका अंगाला पेरूची बाग. त्या दिवसांत पेरू पिकायला आले होते. पेरू पिकले की राघू येतात. थव्यानं येतात, एकेका फळाला चोच मारतात आणि टाकून देतात. बाग राखायचं काम तात्यांकडं होतं. बाकीचे लोक गोफणीनं पाखरं हाकलायचे, पण तात्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. मोठ्या लढाईत ते इटलीला होते, तिथं खांद्याला गोळी लागली होती. गोफण डोक्यावर फिरवता येत नाही म्हणून ते झाकणं फेकायचे.

झाकणं म्हणजे डब्यांची गोल पत्र्याची झाकणं. बिस्किटांच्या मोठ्या डब्याची, वनस्पती तुपाच्या डब्याची, मिळतील ती. हात कापू नये म्हणून त्यांची कडा दगडावर ठोकून आत वळवलेली असायची. तात्या ते कमरेपासून असं सोडायचे, की ते झाडांच्या शेंड्यांवरनं फिरत जायचं. उन्हात लकाकायचं, आणि ते बघून राघू कलकलाट करत उठायचे. आजूबाजूचे मळेवाले हसायचे. तात्या त्यांच्याकडं लक्ष द्यायचे नाहीत. त्यांनी लग्न केलं नव्हतं, आणि लढाईबद्दल ते कधीच बोलायचे नाहीत.

एके दिवशी दुपारी आई मला म्हणाली, "जरा उनात जाऊन बस." मी बागेच्या कडेला जाऊन बसले. कांदे काढून मोकळं झालेलं वावर समोर होतं. तात्या झाकण फेकत होते, आणायला जात होते, परत येऊन पुन्हा फेकत होते. मी बघत होते म्हणण्यापेक्षा माझे डोळे तिकडं होते.

थोड्या वेळानं ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"हे धर," म्हणाले.

मी झाकण हातात घेतलं. ते उन्हानं तापलं होतं.

"ऊठ. मेथी कशी फोकती, तसा हात सोड."

मेथीचं बी आम्ही ओळीत पेरत नाही, फोकतो. ओटीतून मूठ भरून घ्यायची आणि पोटाजवळून बाहेरच्या अंगाला हात सोडायचा. लहानपणापासून मी ते केलं होतं. मी उभी राहिले आणि तसा हात सोडला. झाकण चार पावलांवर ढेकळात जाऊन उभं रुतलं.

"आण जा," तात्या म्हणाले.

मी जाऊन आणलं.

"बी सोडताना मनगाट कसं झटकती? शेवटाला झटकायचं. आन् झाकाण आडवं ठेव. पाण्याचा हंडा असल्यावानी. सांडायचं न्हाय."

मी पुन्हा फेकलं, पुन्हा आणायला गेले. संध्याकाळपर्यंत तेवढंच केलं. त्यात मजा वाटली असं मी म्हणणार नाही. पण फेकलं की ते आणायला जावं लागतं, आणि आणलं की ते हातात असतं म्हणून फेकावं लागतं. कुणी बोलावलं नाही तर माणूस त्यातून थांबत नाही. मला त्या दिवसांत कुणीतरी सांगितलेलंच करता येत होतं. हे झाकणच सांगत होतं.

दुसऱ्या दिवशीही गेले. तिसऱ्या दिवशी आईनं अडवलं.

"बाळंतिणी वाऱ्यात अशा हात झाडत हिंडत्यात व्हय? लोक काय म्हंतील?"

तात्या ओसरीवर चहा पीत होते. ते बशीतून मान वर न करता म्हणाले, "लोकास्नी पेरू द्या. पेरू खातील आन् म्हंतील."

"तुमाला काय कळतंय बाळंतिणीचं?"

"न्हाय कळत," तात्या म्हणाले. "घरात बसून भिताड बगण्यापरीस बरं, एवढंच कळतं."

आईनं माझ्या कानाला आणि डोक्याला फडकं बांधून दिलं आणि मला जाऊ दिलं.

मेथीची फेक जमली. झाकण सरळ जायला लागलं, मग बागेच्या शेंड्यापर्यंत, मग शेंड्यावरनं. राघू उठायचे. त्यानंतर तात्यांनी मला दुसरी शिकवली. तिला ते विळ्याची म्हणायचे. गवत कापताना विळा जसा बाहेरून आत ओढतो, तसा हात उजव्या अंगानं खालून यायचा आणि अंगापुढं आल्यावर झटका द्यायचा. दोन बोटं झाकणाच्या आतल्या कडेला लावायची, अंगठा वर. ही मला जड गेली. बांधलेल्या छातीत प्रत्येक झटक्याला कळ यायची आणि फडकं ओलं व्हायचं. मी तात्यांना काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं ते नव्हतंच. पण एकदा मी हात अर्ध्यातच थांबवला, तेव्हा ते तोंड फिरवून बागेकडं बघत म्हणाले, "बस जरा. राघू कुठं पळून चाललं न्हाईत."

तिसरी चाकाची. झाकण उभं धरून असं टाकायचं, की ते जमिनीवर गाडीच्या चाकासारखं पळत जायचं. ढेकळांच्या वावरात ते पळायचं नाही, म्हणून आम्ही त्यासाठी गाडीवाटेवर जायचो. ही फेक राघूंच्या काही कामाची नव्हती. तरी तात्यांनी ती शिकवली.

"ह्ये कुठं शिकलात तुमी?" एकदा मी विचारलं. त्या दिवसांत आपण होऊन मी विचारलेला बहुधा हा पहिला प्रश्न असावा.

"इटलीत. एका नदीच्या काठाला आमी पडून व्हतो. पलीकडं जर्मन. हुकूम यीना आन् जाताबी यीना. शेजारी अमेरिकेचं गोरं सोजीर व्हतं. ते झाकणं फेकत बसायचं. सकाळधरनं दिवस मावळंपतूर. मला वाटायचं, ह्यास्नी काय याड लागलं का काय." ते थांबले. "मग एका गोऱ्यानं माझ्या हातात दिलं."

"मग?"

"मग काय. म्याबी फेकाय लागलो."

एवढंच ते बोलले. त्या नदीवर पुढं काय झालं ते मी विचारलं नाही.

चौथी फेक ते स्वतः करू शकत नव्हते, कारण तिला हात डोक्यावर न्यावा लागतो. तिला ते कुऱ्हाडीची म्हणायचे. त्यांनी ती त्या सोजिरांना करताना बघितली होती, आणि कसं करायचं ते मला नुसतं तोंडानं सांगितलं. झाकण कानाजवळ उभं धरायचं, लाकूड फोडताना कुऱ्हाड जशी डोक्यावरनं येते तसा हात आणायचा, पण खाली न मारता समोर वर सोडायचं. झाकण उभंच वर चढतं, वर जाऊन उलथं होतं आणि उलथं खाली येतं.

मी फेकत होते आणि तात्या बांधावर उकिडवे बसून सांगत होते. "अजून वाईच वर सोड. हां. आता मनगाट ढिलं सोडलंस." स्वतःला येत नसलेली गोष्ट ते सांगत होते आणि माझा हात ती करत होता. दोन-तीन दिवसांनी झाकण नीट वर चढलं. तात्यांनी मान वर करून ते खाली येईपर्यंत बघितलं. त्यांना बरं वाटलं असावं.

तोवर माझ्या एक गोष्ट लक्षात आली नव्हती. तात्या मला नेहमी एकाच अंगाला तोंड करून उभं करायचे, बागेकडं किंवा कांद्याच्या वावराकडं. पाठीमागं ओढ्याच्या बाजूला बांध होता आणि बांधावर करंजाची झाडं होती. तिकडं आम्ही कधीच फेकलं नव्हतं. मला वाटायचं, ओढ्यात झाकण जाईल म्हणून.

त्या दिवशी वारा सुटला होता. मी कुऱ्हाडीची फेक केली. झाकण उंच गेलं, उलथं झालं आणि वाऱ्यानं धरलं. आमच्या डोक्यावरनं मागं जाऊन ते करंजाच्या खाली पडलं. मी सवयीनं आणायला निघाले. तात्या एवढ्या घाईनं उठले की त्यांच्या डोक्यावरचं मुंडासं सुटलं.

"थांब. म्या आणतो. तू हितंच ऱ्हा."

कधीच ते माझं झाकण आणायला जात नव्हते. मी थांबले. मग म्हणाले, "तात्या, तितं हाय का?"

ते तसेच पाठमोरे उभे राहिले. "व्हय," म्हणाले.

मी त्यांच्या मागून गेले. त्यांनी मला अडवलं नाही. सर्वांत थोरल्या करंजाच्या बुंध्याशी थोडी माती उंच होती आणि तीवर दगड रचले होते, कुत्र्याकोल्ह्यानं उकरू नये म्हणून. दगड नीट बसवलेले होते, एकही हलणारा नव्हता. करंजाची वाळकी पानं पडली होती. झाकण जरा पलीकडं उताणं पडलं होतं.

मी तिथं खाली बसले. मला वाटलं होतं, ही जागा बघितली की आतून काहीतरी येईल. बायका म्हणायच्या, रडून मोकळी हो. मी बसून राहिले. दगडांवरनं मुंग्या चालल्या होत्या, त्या बघितल्या. एक दगड काळा होता, बाकीचे तांबूस. काही आलं नाही.

"कुणी लावलं दगुड?" मी विचारलं.

"म्या."

"उशी केलीसा का तिला?"

"आबांनी आपलं उपरणं घातलं खाली," तात्या म्हणाले. "उबदार व्हतं."

मी मान हलवली. मग उठले, झाकण उचललं, पदरानं त्यावरची माती पुसली. आम्ही परत आलो आणि मी पुन्हा बागेकडं तोंड करून उभी राहिले. राघू येऊन बसले होते. मी मेथीची फेक केली, ते उठले. त्या दिवसानंतर मी कधीही करंजाखाली जाऊन बसले तर कुणी हटकलं नाही. मी रोज गेले नाही. कधीतरी जायचे.

पेरू संपत आले तेव्हा मालक मला न्यायला आले. घरी आल्यावर चहा झाला, आबांशी बाजारभावाच्या गप्पा झाल्या. आमची दोघांची अजून नजरानजर झाली नव्हती. आई म्हणाली, "पाव्हण्यास्नी मळा दावून आण." म्हणून आम्ही मळ्याकडं गेलो. मी पुढं आणि ते मागं, मध्ये बरंच अंतर. त्यांच्या पायात कचेरीचे बूट होते, ते ढेकळात अडखळत होते.

तात्या बागेत होते. त्यांनी रामराम केला आणि झाकण मालकांच्या हातात दिलं.

"ह्ये काय?" मालक म्हणाले.

"फेका."

त्यांनी दगड मारल्यासारखं फेकलं. ते गिरक्या खात जवळच पडलं. ते ओशाळले. तात्या म्हणाले, "ती दावील," आणि विहिरीकडं निघून गेले. तिकडं त्यांचं काही काम नव्हतं. इंजिन तर बंद होतं.

मी झाकण आणलं आणि मेथीची फेक करून दाखवली. ते बघत राहिले.

"तुला येतंय की," म्हणाले.

"व्हय."

मी त्यांच्या हातात झाकण दिलं आणि मनगट कसं आत घ्यायचं ते दाखवायला त्यांचा हात धरला. मी तो सोडला नाही, कारण मनगट अजून नीट वळलं नव्हतं. तेव्हा ते झाकणाकडं बघत म्हणाले, "कशी व्हती गं ती?"

इतक्या दिवसांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. सगळे, कशी गेली, एवढंच विचारायचे.

"केस लई व्हते," मी म्हणाले. "कानावर आलेले. रंग तुमचा. हाताची बोटं लांब व्हती. दिवा लावला की दिव्याकडं बगायची. रडायची कमी. आंगुळीला घातली की गप ऱ्हायची."

हे सगळं मी बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशा आवाजात सांगितलं. मालक खाली बसले. बुटांसकट ढेकळातच बसले आणि गुडघ्यात डोकं घातलं. त्यांचे खांदे हलत होते. मी बाजूला उभी होते. आपण त्यांच्या पाठीवर हात ठेवायला पाहिजे हे मला कळत होतं, आणि थोड्या वेळानं मी तो ठेवला. त्यांच्या सदऱ्याखाली पाठ गरम होती. ते रडत होते तेवढा वेळ मी हात तसाच ठेवला. मला रडू आलं नाही. आता सांगताना लोकांना ते खरं वाटत नाही, पण तसंच होतं.

मग मी त्यांना करंजाखाली घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी निघालो. आईनं ओटी भरली. तात्यांनी एक झाकण फडक्यात गुंडाळून माझ्या पिशवीत सारलं. मोटार वाटेत सणसरला बराच वेळ थांबली, उसाच्या गाड्यांनी रस्ता अडवला होता. मालकांनी खाली उतरून खारे शेंगदाणे आणले. मला भूक नव्हती, पण त्यांनी आणले होते म्हणून मी खाल्ले. त्यांनी सालं स्वतःच्या हातात गोळा केली आणि खिडकीतून टाकली.

इंदापूरला आमचं घर गावाच्या टोकाला होतं. मागं उघडं माळरान आणि त्याच्या पलीकडं शाळू ज्वारीची शेतं. रविवारी कचेरी बंद असायची. संध्याकाळी मालक म्हणायचे, "चल जरा." सासूबाईंनी पहिल्यांदा विचारलं, "कुठं निघालात दोघं?" मालक म्हणाले, "हितंच, माळावर." सासूबाईंनी पुढं विचारलं नाही. माळावर आम्ही लांब लांब उभे राहायचो आणि झाकण एकमेकांकडं फेकायचो. पिंपळीला मी फेकायचे आणि मीच आणायचे. इथं दुसऱ्या टोकाला माणूस होतं. त्यांना मेथीची फेक नीट कधी आली नाही, पण विळ्याची माझ्यापेक्षा चांगली जमली. जाणारे-येणारे गुराखी थांबून बघायचे. कारकून माणूस बायकोबरोबर पत्र्याचं झाकण फेकतो याची गावात चर्चा झाली असणार. मालकांच्या कानावर ती आली असेल तर त्यांनी मला सांगितलं नाही.

असे काही महिने गेले. जड जड पाण्यातून चालावं तशी मी घरात चालत होते, कामं करत होते, विचारलं तर उत्तर देत होते. ते जडपण अमुक दिवशी गेलं असं मला सांगता येणार नाही. पुढं मला मुलगा झाला, मग मुलगी झाली. दोघंही मोठी झाली. त्या मुलांच्या तापात, परीक्षांत, लग्नांत मी पुष्कळ रडले. पहिलीसाठी मात्र माझ्या डोळ्यांना पाणी आलं नाही, अजूनही नाही. तिचे केस मला आठवतात, बोटं आठवतात. ते कुणी विचारलं तर मी सांगते.

झाकण पहिल्याच वर्षी हरवलं. शाळू उंच झाला होता, कणसं भरली होती. मालकांनी विळ्याची फेक जरा जोरात केली, ते माझ्या डोक्यावरनं गेलं आणि शाळूत शिरलं. शेताचा धनी मचाणावर होता. त्यानं ओरडून विचारलं, "कोन हाय त्ये?"

"मी हाय, मामा!" मालक ओरडले. "झाकाण गेलंय आमचं!"

"कशाचं झाकाण?"

"डब्याचं!"

तो मचाणावर उठून उभा राहिला. मग म्हणाला, "हुडका. पर ताटं मोडू नगा."

आम्ही दोन बाजूंनी आत शिरलो. शाळूची ताटं अंगाला घासत होती. मला मालक दिसत नव्हते, त्यांच्या बाजूची ताटं हललेली तेवढी दिसायची. अंधार पडायला लागेपर्यंत शोधलं. सापडलं नाही. बाहेर आलो तेव्हा मालकांच्या केसात शाळूचा फुलोरा अडकला होता. मी तो काढला.

"दुसरं आणू का?" ते म्हणाले. "दुकानात सांगून ठेवतो. डबा रिकामा झाला की देईल."

मी थोडा विचार केला. "नको," म्हणाले. "असंच येऊ माळावर."

आणि पुढच्या रविवारी आम्ही नुसतेच गेलो.